आठ कमांड आणि मामीची पद्धत

माझा भाचा निखिल आयटीत आहे, हे तो न विचारताच सांगतो. आमची ही गेल्यावर तिचे सगळे फोटो आकाराने लहान करून द्यायला तो कर्वेनगरहून आला. ‘मूळ फोटो जपायचे’ असं सेटिंग त्यानं टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, केलं आणि आठ कमांड एकदम सोडल्या. पाच मिनिटांत मूळ फोटोच पुसले गेले.

“मामा, ते सेटिंग माझ्या शेलपुरतंच, म्हणजे त्या खिडकीपुरतंच राहिलं. एक्स्पोर्ट करायला, म्हणजे ते पुढे प्रत्येक कमांडला कळवायला विसरलो, म्हणून त्या आठ जणींना कळलंच नाही.”

लेकीकडे प्रत होती, म्हणून मी शांतपणे बोलू शकलो.

“अरे, तुझी मामी फराळाला आठ जावा-नणंदा एकदम कामाला लावायची. पण कशाला हात लावायचा नाही, ते आधी प्रत्येकीला सांगायची.”

“मामी प्रोग्रामिंग कुठे शिकली होती?”

“शिकली नव्हती. म्हणूनच चुकायची नाही.”