ईराने लावलेला फोन

मागच्या हिवाळ्यात, अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गला, मला सणकून ताप होता. दुपारी डोळा लागला की आठ वर्षांची ईरा मला हलवून उठवायची, "आई, डोन्ट स्लीप." शेवटी मी वैतागून बेडरूमचं दार लावून घेतलं.

जाग आली ती दार ठोठावल्याने. उघडलं, तर अॅम्ब्युलन्समधून आलेले दोन पॅरामेडिक. ईराला काही झालं की काय, या विचाराने मी त्यांना बाजूला सारून बाहेर आले. पण ती त्यांच्या मागेच उभी होती. ९११ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन तिनेच केला होता.

तिच्या हातात लायब्ररीचं पुस्तक होतं, पूर्वी जंगलात वस्ती करायला आलेल्या कुटुंबाचं.

"यातली आई तापात झोपली, ती उठलीच नाही."

मी तिला घट्ट जवळ घेतलं. "मग पुढे काय झालं?"

"आय डोन्ट नो. तू वाच. आणखी कोणी मरत नसेल तरच मला दे."