चाळीस यार्डांच्या रेषेवरची खुर्ची

...आणि वर मलाच विचारतात, "ड्वेन, तू एवढा का चिडलायस?" चिडू नको तर काय नाचू? चार महिने, तुम्हाला सांगतो, चार महिने मी अभ्यास केला! शाळेत असताना त्याच्या निम्मा केला असता ना, तर आज या एरी गावात शाळेची बस चालवत नसतो, मुख्याध्यापक होऊन त्या बसमागे ओरडत असतो!

अभ्यास कसला म्हणजे? ड्राफ्टचा हो! आपला अमेरिकन फुटबॉलचा संघ, हॅमर्स, यंदा कॉलेजातला कुठला पोरगा उचलणार, याचा. आता आपला संघ कसा आहे ते मी सांगायला नको... सतरातले बारा सामने हरला. आणि ड्राफ्टचा न्याय असा, की जो जास्त हरला त्यानं आधी निवडायचं. नापासाला पहिला बाक! बरं, आम्हाला हरणंसुद्धा धड जमत नाही, आमच्याहून वाईट आठ संघ निघाले. म्हणून आमचा नंबर नववा.

तरी मी कशाला जीव काढला असता? पण मध्ये आली ती खुर्ची! माझे सासरे, लॅडिस्लाव ह्रुस्का, वय एक्क्याऐंशी, यांच्याकडे मैदानातल्या दोन खुर्च्या आहेत. कायमच्या. चाळीस यार्डांच्या रेषेवर, म्हणजे जवळजवळ मैदानाच्या मधोमध, सातव्या रांगेत! तिथनं खेळाडूचा घाम दिसतो हो. आणि अशा खुर्चीसाठी प्रतीक्षायादी किती? एकोणीस वर्षं! संघ हरतोय वर्षानुवर्षं, आणि लोक रांगेत उभे आहेत. एका खुर्चीवर सासरे, दुसरीवर सासूबाई, अडतीस वर्षं. मी चोवीस वर्षं या घरचा जावई, पण त्या खुर्चीला कधी पाठ टेकलेली नाही!

तर जानेवारीत सासूबाईंनी जाहीर केलं, "माझे गुडघे गेले. ते जिने मी आता चढणार नाही. रविवारी मी चर्चमध्ये बिंगो खेळणार." झालं! दुसऱ्याच रविवारी मी सासऱ्यांच्या अंगणातला बर्फ उपसायला हजर. तर तिथं आधीच एक जण फावडं घेऊन उभा! कोण? माझा साडू. ग्लेन. वीस वर्षांत ज्यानं स्वतःच्या दारातला बर्फ उपसला नाही, तो!

सासऱ्यांनी खिडकीतनं दोघांना बघितलं, आत बोलावलं, कॉफी दिली. ते बोलतात कमी, आणि बोलले की तोललेलं. म्हणाले, "भांडू नका. नवव्या नंबरला आपण कोणाला घेणार, ते जो बरोबर सांगेल, त्याची खुर्ची."

झालं सुरू! मी म्हटलं, बोडिन. टायरेल बोडिन, लुइझियानाचा. दीडशे किलोचा पोरगा, चेंडू फेकणाऱ्याची पाठ राखणारा. आमचा फेकणारा गेल्या वर्षी एवढ्या वेळा आपटला की त्याला आभाळच जास्त ओळखीचं झालंय. त्याला आधी कोणीतरी वाचवायला नको? आणि बोडिनचे हात! साडेतेहतीस इंच! आता बोला!

काय आहे, या पोरांना ड्राफ्टच्या आधी बाजारातल्या बैलासारखं तपासतात. पळवतात, उड्या मारायला लावतात, पंजे मोजतात, हात मोजतात. पाव इंच कमी भरला की तज्ज्ञ टीव्हीवर सुतकी चेहरा करून बसतात... "गुणी मुलगा होता हो, पण हातानं घात केला." मला तर वेडच लागलं. टेप घेऊन दिसेल त्याचे हात मोजत सुटलो. बायकोचे मोजले, पाद्रीबाबांचे मोजले. स्वतःचे मोजले, एकोणतीस! म्हटलं, तरीच आपण बस चालवतो.

बायको, बर्नाडेट, म्हणाली, "अरे, आपल्या लग्नाला चोवीस वर्षं झाली काल. तुझ्या लक्षात तरी आहे का?" मी म्हटलं, "आहे ना! साडेतेहतीस इंच!" ...दोन दिवस घरात चूल बंद.

आणि साडू? त्यानं काय अभ्यास केला असेल? शून्य! तो म्हणे, "रीव्ह्ज. कोल्टन रीव्ह्ज. नवा फेकणारा." मी म्हटलं, का? तर म्हणे, "जबडा बघ त्याचा!" जबडा! "अरे ड्वेन, असा जबडा असला की माणसं मागे येतात. पुढारी आहे तो, पुढारी!" मी म्हटलं, "ग्लेन, त्याला चेंडू फेकायचाय, अक्रोड नाही फोडायचे!" तर हा मान हलवून टीव्हीवरच्या तज्ज्ञासारखा म्हणतो, "ते तुला नाही कळणार. ते आतून वाटावं लागतं." आतून! मी एकशे बारा सामन्यांच्या चित्रफिती बघून डोळे फोडले आणि याला आतून वाटतंय!

शेवटी आला तो दिवस. एप्रिल संपत आलेला, बाहेर बर्फ भुरभुरतोय, आणि सासऱ्यांच्या तळघरात आम्ही सगळे. पेपरोनी भरलेले पावाचे गोळे, बिअर, टीव्ही. माझ्या हातात वही, साडूच्या हातात गोळा. एक ते आठ निवडी झाल्या, आणि तुम्हाला सांगतो, बोडिन शिल्लक! रीव्ह्जही शिल्लक! नववा नंबर, हॅमर्स, निवडायला घड्याळात दहा मिनिटं. साडू डोळे मिटून पुटपुटतोय, "जबडा, जबडा." मी पुटपुटतोय, "साडेतेहतीस, साडेतेहतीस." सासूबाई म्हणाल्या, "यांच्यापेक्षा आमच्या बिंगोची माणसं शहाणी."

घोषणा करणारे साहेब आले, कागद उलगडला, आणि म्हणतात, "हॅमर्सनी आपली नववी निवड पश्चिमेकडच्या संघाला देऊन टाकलेली आहे... पुढच्या वर्षीच्या निवडीच्या बदल्यात."

देऊन टाकली! म्हणजे चार महिने मी पोरी बघत फिरलो आणि नवरदेवानं ऐन मांडवात सांगितलं, यंदा कर्तव्य नाही!

थांबा, पुढे ऐका. त्या पश्चिमेकडच्या संघानं, आमच्याच नंबरावर, कोणाला घेतलं? बोडिनला! मी खुर्चीवर चढलो. "नववा नंबर, बोडिन! जिंकलो! सांगितलं होतं की नाही? साडेतेहतीस इंच! आता बोला!" साडू उसळला, "कसला जिंकलास? 'आपण' कोणाला घेणार, असा प्रश्न होता! आपण घेतला का? नाही ना घेतला?" मी म्हटलं, "नंबर आपला होता!" तो म्हणे, "माणूस त्यांचा!" मी वही आपटली, त्यानं गोळा फेकला, बर्नाडेट आणि तिची बहीण आपापल्या नवऱ्याला मागे ओढतायत, आणि दोघी एकदमच म्हणतायत, "लाजा नाहीत!"

सासरे उठले. टीव्ही बंद केला. म्हणाले, "अडतीस वर्षं तुमची सासू माझ्या शेजारी बसली. एकदासुद्धा मला सांगितलं नाही की कोणाला घ्यायला हवं होतं." आणि खुंटीवरचा आपला जुना लोकरी कोट काढला, हातावर टाकला, म्हणाले, "यंदा त्या खुर्चीवर हा बसेल."

कोट! तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षांची प्रतीक्षायादी ओलांडून, चोवीस वर्षांचा जावई डावलून, सातव्या रांगेत, कोट!

मला वाटलं, रागाच्या भरात बोलले, विसरतील. कसलं काय! सप्टेंबरात पहिला सामना. मी घरी टीव्हीसमोर. मध्येच कॅमेरा फिरला प्रेक्षकांवर, आणि दिसले की! सासरे, आणि शेजारी तो कोट... ऐटीत, पाठ टेकून!

संध्याकाळी राहवेना, फोन केला. म्हटलं, "बाबा, कसा झाला सामना?"

ते एवढ्या सुखानं म्हणाले, एवढ्या सुखानं, की चोवीस वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता...

"हरलो रे. पण काय शांततेत हरलो!"