दहावी चूक

नाही, लाल पेन नको! पेन्सिल द्या, निळं द्या, चुलीतला कोळसा द्या हवं तर, पण लाल पेन माझ्या हातात देऊ नका... हसताय काय? तुम्हाला सांगते, एवढ्याशा लाल शाईनं आमच्या घरात जे झालं ते ऐकलंत, तर तुम्हीसुद्धा ते पेन मोरीत टाकाल. माझा दोष आहेच, नाही कुठं म्हणते? पण अर्धा दोष सवयीचा. सवय हो, दुसरं काय!

आता ही सवय लावली कुणी? इंग्रजीच्या बाईंनी! नववीच्या वर्गात आम्ही बावन्न मुली आणि डिक्शनरी एक. ती कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली बाईंच्या कमरेला. दर शनिवारी बाई फळ्यावर उतारा लिहिणार आणि म्हणणार, "मुलींनो, यात दहा चुका आहेत, शोधा!" दहा म्हणजे दहा. नऊच सापडल्या की जागेवर उभं राहायचं, तास संपेपर्यंत. मग वह्यांची अदलाबदल, एकीनं दुसरीची तपासायची, लाल पेनानं, चुकीला गोल, चुकीमागे एक मार्क वजा, आणि पाचाच्या खाली गेलं की शेरा... 'पालकांची सही आणावी'. आता मी कशी? हजेरीला माझं 'प्रेझेंट' पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही, बाई दोनदा विचारतात, "आहेस का गं?" पण लाल पेन हातात आलं की मी कुणाला भीत नाही! सगळ्या वर्गाला जे तोंडानं सांगता येत नाही ते गोल काढून सांगते.

तर आबा. आबा म्हणजे माझे वडील, ज्योतीराम. भूमकडून इकडं आले, चौदा वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत लेथ मशीनवर. गेल्या वर्षी कंपनीत चार्जहँडची जागा निघाली, म्हणजे दहा मशीनवरचा मुख्य माणूस. आबांना काम सगळं येतं, पण अट काय? फॉर्म इंग्रजीत, रोजचा रिपोर्ट इंग्रजीत! झालं. आबा पुण्याला जाऊन जुन्या बाजारातून डिक्शनरी घेऊन आले. मी उघडून बघते तर पहिली पानंच नाहीत, सरळ 'बी'पासून सुरू! मी म्हटलं, "आबा, यात 'ए' नाही." आबा म्हणाले, "नसंना का! 'ए'चं तू साळंतून बघून ये, बाकीचं मी बघून घेतो."

मग रोज संध्याकाळी आमची शाळा. मी शिकवणार, आबा शिकणार. पानाच्या डोक्यावरचे दोन शब्द बघायचे, आपला शब्द त्यांच्या मधे बसतो का ते ठरवायचं, मग खाली उतरायचं. आबा बोटाला थुंकी लावून पान उलटायचे, मी ओरडायचे, "थुंकी नाही!" मी, बरं का! जी वर्गात 'प्रेझेंट' म्हणत नाही ती! त्यांची वही तपासायचे लाल पेनानं, दोन मार्क, तीन मार्क, आणि खाली शेरा... पालकांची सही आणावी. आबा वही घेऊन गुमान आजीपुढं बसायचे. आमची आजी, चिमाबाई, दातांना मिश्री लावता लावता अंगठा पुढं करायची आणि म्हणायची, "ह्याला साळंत घालायचं राहिलं माझ्याकडून. बरं झालं, पोरीनं घातला." सगळी चाळ हसायची. आबा सगळ्यात जास्त.

...हसतच होते हो तोपर्यंत.

गुरुवार होता. आमच्याकडं कंपनीला सुट्टी गुरुवारची, आणि शाळेला रविवारची, त्यामुळं मी शाळेत नि आबा घरी. फॉर्म माणशी एकच, वर नंबराचा शिक्का, दुसरा मिळणार नाही, शुक्रवारी सकाळी पहिल्या शिफ्टला द्यायचा. मी साडेपाचला घरी आले, तर फॉर्म तयार! आबांनी दिवसभर बसून स्वतः भरलेला, निळ्या शाईत, अक्षर असं की एकेक मोजून घ्यावं. म्हणाले, "जरा नजर टाकून ठिव गं, मी पाण्याचा नंबर लावून येतो." आणि बादल्या घेऊन नळावर गेले.

नजर टाकायची होती. बास. नजर! मी काय केलं? दप्तर उतरवलं, मांडी घातली, टोपण काढलं... सवय हो, दुसरं काय!

एक चूक, गोल. दोन, गोल. तीन-चार एकाच ओळीत. मला तर आनंद व्हायला लागला, काय सांगू! सहा, सात, आठ, नऊ... आणि मग थांबलं. दहावी सापडेना. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. आणि दहा तर असतातच ना? शेवटी एक प्रश्न होता, तुम्ही या जागेला लायक का आहात. आबांनी त्यात एकच वाक्य लिहिलं होतं. आय नो माय मशीन बाय साउंड. म्हणजे, मी माझं मशीन आवाजावरून ओळखतो. मी म्हटलं, हे काय उत्तर झालं? अनुभव लिहावा, शिक्षण लिहावं, आवाज काय? मारला गोल. बाजूला हे एवढं प्रश्नचिन्ह! झाल्या दहा. दहातून दहा गेले, शून्य. शून्यालाही गोल काढला. आणि त्याच्या खाली, कंपनीच्या छापील फॉर्मवर, बघा, मी लिहिलं... पालकांची सही आणावी.

तेवढ्यात बादल्या ठेवल्याचा आवाज आला आणि माझ्या ध्यानात आलं मी काय केलं ते.

आबा ओरडले असते ना, तर बरं झालं असतं. त्यांनी फॉर्म उजेडाला धरला, सगळे गोल बघितले आणि म्हणाले, "लई बारीक नजर हाय तुझी." मग फॉर्म खाली ठेवत म्हणाले, "आता आईचा अंगठा घ्यावा लागंल." आणि हसले. मला हसता येईना. त्यांनाही ते पुरतं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात काय झालं ते आबांनी नाही सांगितलं. साहेबरावांनी सांगितलं. साहेबराव म्हणजे आबांच्या शेजारच्या मशीनवरचे, चिखली गावातले, रांगेत मागंच उभे होते. फॉर्म घेणारा ऑफिसातला साहेब म्हणे बघून हसायलाच लागला, "ये किसने चेक किया?" आबा म्हणाले, "लडकी ने, साब." "तो लडकी को भेज दो काम पे!" सगळं ऑफिस हसलं. मग साहेबानं त्या शेवटच्या गोलावर बोट ठेवलं, "और ये आवाज का क्या है?" तुम्हीच सांगा, केवढी संधी! सांगायचं ना, साहेब, चला मशीनवर, डोळे बांधा माझे! पण आबांनी त्या लाल गोलाकडं बघितलं आणि म्हणाले, "काही नाही साब. वो गलती है."

गलती! का, तर मी गोल काढला होता म्हणून. माझ्यावर एवढा विश्वास ठेवायचा असतो का हो माणसानं?

त्या आठवड्यात मी डिक्शनरी उघडली. 'एस'च्या पानात कॅन्टीनचं कूपन खुणेला घातलेलं होतं. पानाच्या कडेला थुंकीच्या बोटाचा डाग. साउंड. फॉर्ममधला तो एक शब्द मी कधी शिकवला नव्हता, त्यांनी एकट्यानं शोधला होता.

जागा मिळाली साहेबरावांना. त्यांचा फॉर्म भाच्यानं टाइप करून दिलेला, छान, स्वच्छ. माणूस वाईट नाही, उगीच कशाला बोला. पण रिपोर्ट काय भाचा रोज येऊन लिहिणार? मग शिफ्ट सुटली की सायकल आमच्या दारात. "ताई, जरा बघ की. तुझ्यावानी न्हाई कुनाला जमत. पर लाल न्हाई हां! पेन्सिल!" आणि खो खो हसणार. आबा बाजूला बसून चहा पिणार. मी तपासणार. काय करते? सवय हो, दुसरं काय!

परवाचंच सांगते. सात नंबरचं मशीन बिघडत होतं, कुणाला पत्ता नाही. आबा कॅन्टीनच्या दारातून ओरडले, "बंद करा ते, बेअरिंग गेलंय!" खोलून बघितलं तर खरंच गेलेलं. अजून थोडं चालतं, तर मशीनवरच्या माणसाचा हात गेला असता. साहेबरावांनी स्वतः सांगितलं मला, कौतुकानं. आणि मग रिपोर्ट पुढं केला. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, मशीनचा वेगळा आवाज माझ्या लक्षात आला, म्हणून मी ते बंद केलं. खाली सही, साहेबराव, चार्जहँड.

मी मान वर केली. साहेबराव चहाच्या कपात बघत म्हणाले, "चार्जहँडच्याच नावानं लिवावं लागतंय, ताई. तशी पद्धतच हाय."

आबा म्हणाले, "तू इंग्रजी बघ फकस्त."

बघितलं. पेन्सिलीनं. नऊ चुका काढल्या, सगळ्या दुरुस्त केल्या. दहावी तिथंच होती, माझ्या बोटाखाली. आबांनी विचारलं, "सापडल्या का सगळ्या?"

म्हटलं, "नऊच आहेत, आबा."

कागद दिला, आणि आपण काय करतोय ते कळायच्या आत मी उठून उभी राहिले होते. साहेबराव म्हणाले, "बस की ताई, उभी का?"

सवय हो... दुसरं काय.