दाभणाचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर मले काय सांगता? बहात्तरच्या दुष्काळानंतर शेलूबाजारकडं मास्तर होतो, तवाच म्या तो शाळेत चालवला. लाईट बी नव्हता!

नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये सांगतलं होतं, मशीन भोकाच्या कार्डावरून माणसं निवडते. म्हटलं, हे तं आपण बी करू. जुन्या लग्नपत्रिका कापल्या, हरेक लेकराची एक. बेरीज, गुणाकार, भागाकार, साऱ्यायले काठापाशी एकेक भोक, साऱ्या कार्डायवर त्याच जागी. ज्याले जे येत नाही, त्याचं ते भोक काठापर्यंत कापलं.

हेडमास्तर हसले. "काहून टाइम खराब करून राह्यला? दाखव बरं, भागाकार कोणाले येत नाही?"

पोते शिवाचं दाभण भागाकाराच्या भोकातून घातलं अन् गठ्ठा उचलून हलवला. कापलेल्या भोकाचे अकरा कार्डं खाली पडले, बाकी दाभणावरच राह्यले. सारे हेडमास्तरच्याच वर्गातले!

"तुह्यं मशीन बिघडलं."

म्या दाभण त्यायच्याच हातात देल्लं. "तुमीच हलवा, सर."

कार्डं परत लावून त्यायनं हलवलं. तेच अकरा पडले.

वाकून त्यायनं ते येचले. "उद्यापासून हे अकरा शाळा सुटल्यावर माह्यापाशी बसतीन. अन् मास्तर, एक कार्ड माह्या नावाचं बी कर. भागाकारापाशीच काप."