बारीक तारांची बाजू

मंडळी, बसा. मागं उभे आहेत त्यांनी पुढं यावं, जागा आहे.

तालमीच्या या हॉलमधला माईक मीच लावतो, तुम्हाला माहीत आहे. गणपती असू दे नाहीतर जयंती, मी 'हॅलो, चेक, चेक' म्हणतो आणि बाजूला होतो. त्याच्या पुढं कधी गेलो नाही. आज जायचं आहे, आणि तेही दिनकरबद्दल. मध्येच अडकलो तर सांभाळून घ्या.

मी सलीम. कोपऱ्यावर माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान. जळलेला पंप आणा, पंखा आणा, मी त्यात नवी तार भरून देतो. दिनकर मिस्त्री माझा दोस्त. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या पॅटर्न शॉपला होता. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा माणूस. उभा जन्म लाकूड तासण्यात गेला, आणि शेजारच्या शेडमध्ये दिवसभर लोखंडावर लोखंड आपटत होतं.

फोटोशेजारी ही गिटार ठेवली आहे. ती त्यानं स्वतःच्या हातानं केली. आज मी तिच्याबद्दलच बोलणार आहे. शोकसभेत गिटार कसली, असं कुणाला वाटेल. वाटू दे. मला जे सांगायचं आहे ते तिच्याशिवाय सांगता येत नाही.

आणि ते जास्त करून एका माणसाला सांगायचं आहे. दिनकरची लेक वैशाली पुढं बसली आहे. नागपूरहून आली आहे. परवा ती माझ्या दुकानात आली, उभ्या उभ्याच म्हणाली, "चाचा, बाबा माझ्यावर रागावूनच गेले."

मलाही तेच वाटत होतं. गल्लीलाही तेच माहीत होतं. तिची आई, आमच्या वहिनी, वारल्या तेव्हा वैशाली म्हणाली, चला नागपूरला. हा म्हणाला, येत नाही. शब्दानं शब्द वाढला. त्यानंतर तिचा फोन आला की ह्याचं ठरलेलं, "बरं हाय, बरं हाय, ठेव." आपण सगळ्यांनी ऐकलंय. कट्ट्यावर बसून त्यावर बोललोय पण. मिस्त्री लई हट्टी, पोटच्या पोरीशी बोलत नाही. बोललोय का नाही? मग चार लोकांत बोललं गेलेलं चार लोकांतच मिटवायला पाहिजे. म्हणून मी माईकवर आलो.

वहिनी गेल्यावर एका संध्याकाळी तो दुकानात येऊन बसला. म्हणाला, घर लई गप झालंय, काहीतरी वाजायला पायजे. मी म्हटलं, रेडिओ लाव. म्हणाला, त्यो दुसऱ्याचा आवाज. आणि पुढच्या आठवड्यात सागवानाची फळी तासायला घेतली.

पहिल्यांदा तारा चढवल्या तेव्हा गंमत झाली. मोकळी तार अगदी बरोबर, पण दांडीवर बोट जसं पुढं सरकेल तसा सूर चढायचा. दोघं डोकं धरून बसलो. मग उलगडा झाला. लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची मोजपट्टी मुळातच जरा लांब असते. ह्यानं दांडीवरचे पडदे, म्हणजे बोट टेकवायच्या आडव्या कड्या, त्या लांब पट्टीनं बसवले, आणि तारा जिथं टेकतात तो ब्रिज बसवला साध्या पट्टीनं. मी म्हटलं, "गड्या, गिटार काय भट्टीत ओतणार हायस?" असा हसला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. ब्रिज अर्ध्या बोटानं मागं सरकवला आणि सूर जागेवर आला.

मग पिकअप. तारांच्या खाली ही काळी पट्टी दिसते ना, ती. आत चुंबक, आणि चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. वरची तार हलली की ह्या वेढ्यांत वीज उमटते, आणि डब्यातून, म्हणजे अँपमधून, आवाज येतो. ते वेढे माझ्या मशिनवर घातले. माझा हात पंपाच्या जाड तारेवर बसलेला. बारीक तार नुसती तुटायची. शेवटी एकदा पूर्ण झालं, तर ते मधमाशीसारखं गुणगुणायला लागलं. आतून तांब्याचा पत्रा लावला, अर्थिंग नीट केलं, तेव्हा कुठं गप्प बसलं.

आता राहिलं फक्त लावणं. पिकअपच्या दोन टोकांना दोन स्क्रू. पिळला की ते टोक तारांच्या जवळ येतं आणि आवाज वाढतो. एक टोक जाड तारांकडं, एक बारीक तारांकडं. काम एवढंच. पण ह्या एवढ्याशा कामात दिनकर शेवटपर्यंत गुंतून राहिला.

रोज संध्याकाळी गिटार घेऊन यायचा. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसायचा. बारीक तारांकडचा स्क्रू किंचित पिळायचा, तार छेडायचा, माझ्या तोंडाकडं बघायचा. मला तर तो आवाज कानात टोचायचा. मी सांगायचो, अरे खाली घे, तार चुंबकाला टेकंल आता. तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. अजून लांब हाय."

अजून लांब हाय. मला वाटायचं, झालं, ह्याचा हट्ट सुरू झाला.

तो गेला, तुम्हाला माहीतच आहे. झोपेत गेला. कुणाला हाक मारली नाही.

परवा वैशाली म्हणाली, चाचा, गिटार मी घेऊन जाते, वाजवण्याजोगी करून द्या. ती गेल्यावर मी अँप लावला, बारीक तार छेडली, तर शेजारचा पानपट्टीवाला पळत आला, काय फुटलं म्हणून. म्हटलं, हा स्क्रू आधी खाली घ्यायचा. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पंप घेऊन आलं. दुकानात पंप चालवून बघताना मी कानात कापूस घालतो. पंप बघून झाला, गिऱ्हाईक गेलं, आणि कापूस तसाच ठेवून मी परत गिटार घेतली. सगळ्या तारांवरनं हात फिरवला.

मंडळी, गिटार सरळ वाजत होती. जाड तार, बारीक तार, सगळ्या एकसारख्या. कापूस काढला, टोचायला लागली. कापूस घातला, सरळ. असं कितीतरी वेळ करत बसलो. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मला रडू आलं.

दिनकरला ऐकू येत नव्हतं. कापूस घातलेल्या कानासारखं, जाड आवाज यायचा, माझा यायचा. बारीक आवाज येत नव्हता. हळूहळू येईनासा झाला असेल. मग एकेक आठवायला लागलं. मध्यंतरी त्यानं माझ्याकडनं दाराच्या बेलला बल्ब जोडून घेतला होता. म्हणाला, बेलचा आवाज डोक्यात जातो. बोलताना नेहमी समोर बसायचा, बाजूला कधीच नाही. मोठ्यानं बोलायचा, पण कोल्हापुरात मोठ्यानं बोलणाऱ्याला बहिरा कोण म्हणतंय? इथं सगळेच तसे.

लपवलं का, ते विचारायला आता तो नाही. पण एकदा तो कामावरच्या एका माणसाबद्दल बोलला होता. म्हणाला, "त्याला ऐकू येत न्हाय हे कळल्यावर आधी सगळी वरडून बोलाय लागली. मग बोलायचीच बंद झाली." एवढं बोलून चहा पीत बसला. मला त्यावरनं काही सुचलं नाही. रोज समोर बसणारा माणूस इतका एकटा असू शकतो?

वैशाली, पोरी, तुझा आवाज तुझ्या आईसारखा आहे, बारीक. आणि फोनवर तोंड दिसत नाही. 'बरं हाय, बरं हाय, ठेव,' हे रागावलेल्या माणसाचं बोलणं नव्हतं. तू काय विचारलंस ते ज्याला कळलंच नाही, त्याचं बोलणं होतं. तो अंदाजानं उत्तर देत होता, आणि चुकीचं उत्तर जायच्या आत फोन ठेवत होता. नागपूरला तो का आला नाही, ते पण मला आता कळल्यासारखं वाटतं. तुझ्या घरी एका दिवसात उघडं पडलं असतं.

तुझा बाप तुझ्यावर रुसला नव्हता. ह्या सगळ्या मंडळींसमोर सांगतो, रुसला नव्हता. जो आवाज हातातनं सुटत चालला होता, तो रोज संध्याकाळी स्क्रू पिळून जवळ ओढत होता.

स्क्रू मी फिरवलेला नाही. तू ठरव. कुठलाही वाजवणारा तो क्षणात जागेवर आणून देईल आणि गिटार चांगली वाजेल. दिनकरला त्याचं वाईट वाटणार नाही, चांगल्या कामाची कदर होती त्याला. मला मात्र ते जमलं नाही.

माझं काय सांगू? संध्याकाळी गिऱ्हाईक त्या स्टुलावर बसायला लागलं की मी म्हणतो, थांबा, तुटकं हाय ते. तुटकं नाही.

आता सगळे उठूया. फोन बंद करा, लहान पोरांना जवळ घ्या. गप्प राहणं आपल्याला जमत नाही, अर्ध्यातच कुणीतरी कुजबुजायला लागतं. आज तेवढं जमवा. दिनकर कितीतरी वर्षं असल्या शांततेत एकटा बसून होता, आणि आपल्यातला एकही त्याच्यापर्यंत पोचला नाही. आज थोडा वेळ आपण सगळे तिथं जाऊन त्याच्याजवळ उभं राहू.