चालू लिहा, साहेब

न्हाई न्हाई, बंद कुठं हाय — साहेब, तुम्ही आधी बसा तर! उन्हातनं आलाय, पाणी घ्या. आख्ख्या न्हावऱ्यात चालता गोबरगॅस आता आमचाच उरलाय, बाकीच्यांनी खड्डं बुजवून त्यावर मोटारसायकली लावल्या. आन् तुम्ही आल्या आल्या फोन काढून म्हणता, आजी शेगडी पेटवा, फोटो काढायचाय. पेटवू की, घाई काय हाय? आधी फायदं लिहून घ्या — त्यासाठीच सरकारनं धाडलंय न्हवं? बावीस वर्सं झाली, ह्या सोजराबाईनं जळणासाठी एक बाभळ तोडली न्हाई. धूर न्हाई, डोळ्याची आग न्हाई. त्यातनं निघाल्याली मळी कांद्याला घातली की युरिया निम्मा लागतो, आन् गांडुळं म्हणाल तर मूठभर माती उचलून बघा! रोज सकाळी दोन पाट्या शेण, तेवढंच पाणी, ह्या हातानं कालवायचं. एक दिस चुकवला न्हाई.

त्या पातेल्याकडं काय बघताय? काळं हाय, व्हय. मागं तीन दगडं मांडल्यात — आंघोळीच्या पाण्याला. बरं, चहालाबी. भाकरीलाबी. आता तोंडातनं गेलंच तर ऐका, पर लिहू नका. पंधरा दिस झालं, शेगडी धरत न्हाई. काडी लावली की भप्प करून विझती. येईल, आज येईल, म्हणून मी रोज दोन पाट्या घालतीय. तुम्ही ‘चालू’च लिहा. का म्हंजी? तुम्ही दाबलं की मेसेज भारतच्या फोनवर जातो की! माझा ल्योक, गॅस त्याच्याच नावावर हाय. शिरूरला फ्लॅट घेतलाय त्यानं, तिसऱ्या मजल्यावर. सुलक्षणा, सून माझी, गुणाची हाय, खोटं का बोलू — पर तिथं दार लावून बसायचं आन् आपल्या खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी बघायची, मला न्हाई जमायचं. तीन वर्सं मी त्याला एकच सांगतीय, मी तिकडं आले तर गॅसला शेण कोण घालणार? शेवटी तोबी म्हणाला, बरं आई, गॅस जळतोय तवर राहा, बंद पडला की गाई विकायच्या आन् चलायचं. मी कबूल केलं. काय, बावीस वर्सं बंद पडला न्हाई तो आता काय पडतोय! आता रोज फोनवर सांगते त्याला, आत्ताच चहा केला, आच कशी निळीशार हाय. ह्या वयात रोज खोटं बोलायचं. लाज वाटती.

काय घातलं म्हंजी? शेणच, दुसरं काय घालणार? गोठा? गोठा तर चकाचक हाय, बघा की. गेल्या महिन्यात लंपीनं आमची थोरली गाय गेली ना — चंद्री. चार दिसात गेली हो, डोळ्यादेखत. धाकटीला लागू नये म्हणून मी आठ दिस सकाळ-संध्याकाळ फिनेलनं गोठा धुतला, बाटल्यावर बाटल्या वतल्या. ते पाणी? ते जातं तिथंच जातं, नाली सरळ गॅसच्या खड्ड्यात हाय... असं का बघताय? फिनेलनं जंतू मरत्यात, म्हणून तर — आं? गॅस जंतूच करत्यात? खड्ड्यातलं? म्हंजी बावीस वर्सं मी त्यांनाच खाऊ घालत व्हते, आन् मीच... अनुदान देताना सगळं सांगितलं हो, एवढं कुणी सांगितलं न्हाई.

मग आता? सगळा उपसायचा? आन् पुन्ना भरून दोन महिनं थांबायचं? एका गाईचं शेण किती पडतं, साहेब, आन् भारत तर रविवारी येतोय. मग ‘दुरुस्तीत हाय’ लिहा. तसं न्हाई फोनात? दोनच हायेत — चालू आन् बंद?

‘बंद’ दाबलंत?

थांबा, माझा फोन वाजतोय. त्योच आसंल. न्हाई, तुम्ही नका घेऊ. मीबी घेत न्हाई. वाजू द्या. तुम्ही जावा आता, जाताना फाटक तेवढं लोटून घ्या — आजचं शेण कालवायचं राहिलंय माझं.