दुसऱ्या गोलकीपरचं घर

— हो हो, गोलकीपरचंच घर हे, पत्ता बरोबर आहे तुमचा, पण तुम्हाला हवा तो गोलकीपर नाही इथे राहत. तुम्हाला हवी ती ‘भिंत’. तुम्ही बातमीवाल्यांनीच ठेवलंय ना ते नाव — भिंत! ती राहते वर, चौथ्या मजल्यावर. आणि वर कुलूप आहे. त्याची बायको गेली विमानाने मॅच बघायला. पहिल्या अकरा जणांच्या बायकांना तिकिटं असतात, ताई, आमच्यासारख्यांना टीव्ही. आमचे हे दुसरे गोलकीपर — बाकावर बसतात ते. अहो, ओशाळू नका, सगळ्यांचंच चुकतं, पोस्टमन तर येताजाता चुकतो. आलाच आहात तर बसा. कॅमेरावाला खाली गाडीत आहे का? राहू दे त्याला तिथेच, पसारा पडलाय नुसता.

उद्याच्या मॅचबद्दल घरच्यांना काय वाटतं, एवढंच हवंय ना बातम्यांना? मग मला विचारा की. मी काय घरची नाही? हं, ऐका — बाद फेरी आहे, हरले की बॅगा भरून घरी, त्यामुळे सुरुवातीला दोघंही जपून खेळणार, नुसता चेंडू इकडून तिकडे. समोरचे उजवीकडून येतात. त्यांचा तो उंच गडी गोलसमोर ठाण मांडतो आणि डोक्याने मारायची वाट बघत बसतो. कॉर्नर मिळाला की चौघं जण गोलकीपरला असे चिकटतात, की त्याला हलता येत नाही. आणि भिंत काही जागा सोडून पुढे येत नाही — भिंतच ती, येणार कुठून! आमचे हे येतात. गर्दीत घुसून वरच्या वर चेंडू काढतात. काय बघताय? बाईमाणसाला कसं कळतं म्हणून? नऊ वर्षं मी दुसरं केलंय काय? बाकीच्या बायका नवऱ्याचा खेळ बघतात, मी नवऱ्याच्या जागेवरच्या माणसाचा बघते — आणि तो चुकावा म्हणून बघते. हे नका हं घालू बातमीत.

पण खरं आहे ते. खोटं कशाला बोलू? एकदा तरी पाय मुरगळू दे मेल्याचा, असं मनात येतं, आणि मग जिन्यात त्याची बायको भेटते, गोड हसते, मीही हसते — काय करणार, एकाच जिन्यातून जायचंय. सासूबाईंचं सांगू? मॅच सुरू व्हायच्या आधी बाकावरून कॅमेरा फिरतो ना, तेवढं बघतात. लेक दिसला की उठतात, म्हणतात, झालं माझं. ह्यांचे मॅचचे कपडे घरी येतात ते जसे नेले तसे, ना चिखल ना गवताचा डाग — मी धुते तरीही. न धुता कपाटात ठेवायचं जिवावर येतं. आणि ह्यांना त्याचं काही आहे का? काही नाही! मॅचच्या आधी त्या भिंतीला चेंडू मारून मारून तयार करतात, तो नीट खेळला की टाळ्या वाजवतात, घरी येऊन जेवून घोरतात. दुसऱ्या गावच्या क्लबने पहिला गोलकीपर म्हणून बोलावलं होतं, फक्त देशाच्या टीमसाठी सोडणार नव्हते, तर म्हणाले, देशाच्या टीमचा बाक सोडवत नाही गं. बाक! डोकंच फिरलं माझं. आता खांदा गेलाय, ही शेवटचीच स्पर्धा. उद्या नाही तर कधीच नाही.

काय? — नाही, उद्या म्हणजे — आपलं बोलायची पद्धत. भिंतच खेळणार, दुसरं कोण? तुम्ही पण ना... असं काय बघता? ह्यांच्याबद्दल विचारताय? ह्यांना काय वाटतं ते? ... ताई, आजवर असं कोणी विचारलं नाही हो. एकाही माणसाने नाही. रडले ते. सकाळी हॉटेलच्या बाथरूममधून फोन केला, नळ सोडून ठेवला होता, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, आणि म्हणाले, अगं, मी खेळतोय. एवढंच म्हणाले आणि हुंदका. सरावात भिंतीचं मनगट सुजलंय, हातमोजासुद्धा चढत नाही त्या हातात. कोच साहेबांनी कुठे बोलायचं नाही म्हणून बजावलंय — समोरच्यांना अगदी मैदानात उतरताना कळायला हवं. मागे एकाने मेहुण्याला काहीतरी सांगितलं, मेहुण्याने पेपरात आणलं, साहेबांनी त्याला त्याच दिवशी घरी धाडलं. म्हणून नळ. मी म्हटलं, खांद्याचं काय, डावीकडे खाली चेंडू आला तर तुमचा हातच पोहोचत नाही, तर म्हणाले, उद्या पोहोचेल. तुम्हीच सांगा, पोहोचेल ना?

अहो — उठलात कुठे? गॅलरीत कशाला? इथेच लागते की रेंज. कोणाला करताय फोन? ऑफिसला? ... थांबा. ताई, थांबा जरा. ठेवा तो फोन. ठेवा म्हणते ना! पाया पडते तुमच्या. त्यांनी फक्त मला सांगितलंय हो, सासूबाईंनासुद्धा नाही — बातमी फुटली तर त्यांना काढतील, तिसरा गोलकीपर आहे ना, त्या पोराला उभं करतील, आणि ह्यांना कळेल कोण बोललं ते. असं नका करू...

बरं, मग ऐका. खोटं होतं ते. हो, सगळं खोटं. फोन आलाच नाही सकाळी. मी आपली मनाने जुळवते असं काहीबाही, प्रत्येक मॅचच्या आधी जुळवते — शेजारी विचारा, सगळे हसतात मला. नऊ वर्षं नवरा बाकावर, डोक्यावर परिणाम होणार नाही तर काय! अहो, विचार करा ना जरा, भिंत सोडून आमच्या ह्यांना कोण खेळवेल? बाद फेरीत? खांदा गेलेल्या माणसाला? टाळ्या वाजवायला नेतात त्यांना. बाईने थाप मारली, तुम्ही फसलात, एवढंच. ... हां, सांगा तसं ऑफिसला. सांगा — काही नाही, बिचारी आहे एक, नवऱ्याचं डोक्यात घेतलंय तिने. सांगितलंत?

पटलं ना? लगेच पटलं. बघा, जरासुद्धा वेळ लागला नाही तुम्हाला. ... नको, माझी कीव नका करू. चहाबिहा काही नाही घरात. निघा आता.